दोऱ्यावर आलेलं माप

दागिना हातात घेण्याआधी माणूस बघायचं, हे मला मावशीने शिकवलं. त्याच शिकवणीपायी एकदा मी तिचं नाव घालवायला निघाले होते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही कलकत्त्यात भवानीपूरला एका बंगाली कुटुंबाच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होतो, मावशी आणि मी. मी सोळा-सतरा वर्षांची. मिरजेकडच्या आमच्या गावात चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण आई गेली आणि धाकट्या दोघांना सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं, धाकट्यांची सोय झाली आणि मी घरात जास्तीची झाले. तेव्हा मावशीचं कार्ड आलं, "पोरीला इकडे पाठवा. माझे डोळे अधू होत चाललेत, कामाला हात हवाय." त्या कार्डाचे उपकार मी अजून विसरलेले नाही. पण उपकारात राहणाऱ्याला घरात पाय पसरून बसता येत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मला वाटे, आलं कोणीतरी परत न्यायला. जेवताना दुसऱ्यांदा भात मागत नसे. मावशी ओरडायची, "अगं, माप घेऊन जेवतेस की काय?"

मावशी पटवेकरी काम करायची. सोनार सोनं घडवून मोकळा होतो. पुढे मणी, मोती, पुतळ्या रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करायचं ते पटवेकऱ्याने. मावशीचे यजमान, आमचे काका, असताना ते करत, ते गेल्यावर मावशीने सुरू ठेवलं. बंगाली कारागिरांचे हात फार सफाईचे, पण ठुशी कशी बसते, तन्मणी कुठे यावा, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून बँकेतल्या, रेल्वेतल्या, किल्ल्यावरच्या लष्करी क्वार्टर्समधल्या मराठी बायका आमच्याकडे येत.

काम दिवसाउजेडी, खिडकीशी. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दुसरं डिंक लावून कडक करायचं आणि सुईसारखं मोत्यातून काढायचं. तिथल्या दमट हवेत रेशीम सैल पडतं, म्हणून ओवण्याआधी दोन दिवस दोरा खिळ्याला टांगून खाली वजन बांधायचं. मोती आले की आधी मोजायचे, मग दातावर हळूच घासायचे. काचेचा गुळगुळीत लागतो, खरा जरासा खरखरतो. मी तीन-तीनदा मोजायची. मावशीचा नियम होता, की जुना दोरा कितीही कुजका असो, तो टाकायचा नाही. कागदात बांधून दागिन्याबरोबर परत द्यायचा. "दागिना त्यांचा, दोराही त्यांचाच."

आणि माणूस बघायचं. पिवळसर झाक असलेले बसराई मोती सावळ्या रंगावर दिवा लावल्यासारखे दिसतात. पांढरेफेक जपानी त्याच गळ्यात चुन्याचे ठिपके वाटतात. पोवळं गोऱ्या मनगटावर खुलतं. उंच मानेला गळ्याशी घट्ट बसणारं चालतं, आखूड मानेला मोकळं, खाली उतरणारं. मावशी हे सांगायची आणि मी ट्रॅममध्ये, बाजारात, जिन्यात दिसेल त्या बाईला मनातल्या मनात दागिने घालत आणि काढत सुटायची. डोकं म्हणून शांत नसे.

या बघण्यातही मी सुरुवातीला फसले होते. खाली राहणाऱ्या बौदी, म्हणजे घरमालकाची सून, गळ्यात काळे मणी घालत नसत. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, अंगावर पांढरं पातळ. मी आल्यावर चार दिवस त्यांच्याकडे बघणं टाळलं, बिचारीचं वय ते काय म्हणून. मावशीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "अगं, तिचा नवरा रोज सकाळी तुझ्या नाकासमोरून छत्री घेऊन कचेरीला जातो. त्या शंखाच्या बांगड्या हेच तिचं मंगळसूत्र. आणि भांगातला शेंदूर दिसला नाही?" दिसला होता. मला वाटलं, देवळात लावला असेल.

तर असं माझं बघणं. त्याच्यावर विसंबून मी पुढचं केलं.

किल्ल्यावरच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक. मावशी त्यांना वहिनी म्हणे, मी काकू. उंच, गोऱ्या, मान हंसासारखी. मुलीचं लग्न ठरलं, मुलगा इथल्याच बँकेत, म्हणून त्या आपली चिंचपेटी घेऊन आल्या. गळ्याशी घट्ट बसणारी, चार सरींची, मध्ये लाल खडा. मूळची तारेत गुंफलेली, पण तार झिजल्यावर कोणीतरी रेशमात ओवून घेतलेली. मोती अस्सल बसराई. दोरा मात्र कुजला होता, मागचा लाल गोंडा विटेच्या रंगावर गेला होता.

"नव्याने ओवून द्या," काकू म्हणाल्या. "गोंडाही नवा लावा, विटलाय अगदी."

"मुलीला आणलं नाहीत?" मावशीने विचारलं.

"ती कुठली येते. हे माप घ्या." त्यांनी गाठ मारलेला दोरा पुढे केला. "माझ्याच गळ्याचं आहे. लेकीचा गळा काय वेगळा असणार?"

तेव्हा मापं अशीच येत. मुलीला दागिन्यासाठी बाजारात फिरवायची पद्धत नव्हती, दोरा यायचा.

गोंड्यासाठी लाल रेशमाच्या दोन छटा दाखवायला मावशीने मला किल्ल्यावर पाठवलं. दारावरच्या शिपायाने नाव विचारलं तेव्हा मला स्वतःचं नावही क्षणभर आठवेना. घरी काकू कामात होत्या. मुलगीच बाहेर आली. एकवीस-बावीसची, नुकती न्हालेली, केस पुसत. सावळी, रुंद खांद्यांची, मान आखूड. पण गळ्याची हाडं अशी रेखीव आणि हसणं असं मोकळं, की मी हातातलं रेशीम विसरून बघतच राहिले. आईची एक रेष तिच्यात नव्हती.

"काय बघतेस एवढं?" ती म्हणाली.

"काही नाही ताई. चिंचपेटी कशी दिसेल ते."

"मी सांगते की. लहानपणी घालून बघितली होती. बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ."

"मग काकूंना सांगितलं नाहीत?"

"आईला?" तिने केसांना झटका दिला. "तिला चौदाव्या वर्षी तिच्या आईने घातली होती. ती ऐकते होय."

तिने गडद लाल निवडला आणि आत गेली. ट्रॅममधून परत येताना माझ्या डोळ्यांपुढून तो गळा हलेना. चार आखूड सरी जोडल्या तर दोन लांब सरी होतात. लाल खडा मध्ये, बरोबर हाडांच्या खाली. मोती तेवढेच, एकही कमी-जास्त नाही. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, ताईनेही मागितलं नव्हतं. मी आयुष्यात कधी विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या उचलला नव्हता. ते मी केलं. दोन दुपारी मावशी आडवी झाल्यावर खिडकीशी बसून, तिला न सांगता. आपल्यालाही काही येतं हे एकदा तरी दिसावं, असं वाटत होतं. मावशीचे डोळे गेले तरी घर माझ्या हातावर चालेल, मग मला कोण परत पाठवील?

तिसऱ्या दिवशी मावशीने ओवलेलं हातात घेतलं. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायची ती. बोटं सरीवरून खाली उतरत गेली आणि थांबली.

"ही चिंचपेटी नाही."

"नाही."

"वहिनींनी बदलायला सांगितलं?"

"नाही. पण मुलीची मान आखूड आहे ग. तूच म्हणतेस, आधी माणूस बघायचं."

"बघायचं म्हटलं. मालक व्हायचं नाही म्हटलं."

ती पुढे काही बोलायच्या आत जिन्यात चपला वाजल्या. काकू दुसऱ्या दिवशी यायच्या त्या त्याच दिवशी आल्या. मावशीने माझ्याकडे न बघता मोती त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या हातून घोळ झाला. डोळ्यांनी दगा दिला. दोन दिवस द्या, होती तशी करून देते."

काकूंनी त्या दोन सरी उचलून धरल्या. लाल खडा अंगठ्याने चाचपला. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नाही."

मला तिथे उभं राहवेना. "मी केलं, काकू," मी म्हणाले. "मावशीला माहीतही नव्हतं. ताईंना ही लांब शोभेल म्हणून."

"तुला कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"शोभेल." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "माझी आई गेली तेव्हा आम्ही क्वेट्टाला होतो. पोचले नाही मी. ही चिंचपेटी तेवढी राहिली. शेवटची तिने स्वतः ओवली होती, तार झिजल्यावर. तिच्या हाताची गाठ होती मागे." त्या एकदम थांबल्या. "गोंडा कुठे आहे?"

त्यांनीच तो विटला म्हणून बदलायला सांगितला होता. पण ती आठवण कोणी करून दिली नाही. मी डबा उघडला, कागदाची पुडी काढली. कुजका दोरा, त्याला तो विटकरी गोंडा. गाठ तशीच. काकूंनी पुडी पदराच्या टोकात बांधली, मोती टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "परवा. होती तशी."

त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन माझी दोन पातळं गाठोड्यात बांधली. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"तू पाठवण्याआधी."

"सुतकी तोंड करून बसायला आज वेळ नाही. परवा द्यायचंय. उजेड आहे तोवर मोती मोज."

मी ते मोती पुन्हा सोडले आणि पुन्हा ओवले, दोऱ्यावर आलेल्या मापाने. तो गळा ताईचा नाही हे माहीत असून. फक्त मागची रेशमी दोरी चार बोटं लांब ठेवली, जरा सैल बांधता यावी म्हणून. मावशीच्या बोटांना ते कळलं; तिने दोरी तशीच राहू दिली.

लग्नात मी मागच्या रांगेत होते. दोरी लांब असूनही चिंचपेटी ताईच्या गळ्यात रुतली होती, हनुवटी वर धरून ती बसली होती, हसू आलं की मध्येच थांबत. माझे हात वळवळत होते, जाऊन सोडावी म्हणून. मग काकू दिसल्या. त्या मुलीच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. नजर गळ्यावर, आणि ओठ चौदा वर्षांच्या मुलीसारखे घट्ट मिटलेले. माणूस बघायचं म्हणजे कोणतं माणूस, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला आणि पुढे कित्येक दिवस त्याने मला काम करताना स्वस्थ बसू दिलं नाही.

वर्षभराने काकूंच्या यजमानांची बदली जबलपूरला झाली. नंतर एका सकाळी ताई एकटीच आमच्याकडे आली. रुमाल उघडून चिंचपेटी खिडकीत ठेवली.

"आता मोकळी कर. तुझ्या मनात होती तशी."

हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला. "काकूंचं पत्र आणा, ताई."

"वा. तेव्हा न विचारता केलंस, आता सांगूनही करत नाहीस? माझी आहे ती आता."

"तुमचीच आहे. तरी पत्र आणा."

मावशी कोपऱ्यात दोऱ्याला वजन बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण हसली ते मला दिसलं.

तीन आठवड्यांनी ताई पाकीट घेऊन आली. काकूंनी पत्र माझ्या नावाने लिहिलं होतं. माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र. चौथीपर्यंतचं माझं वाचन. अक्षर अक्षर लावत मी मोठ्याने वाचलं. "मुलगी म्हणते त्याप्रमाणे करावे. लाल खडा मध्येच असावा. लग्नातला फोटो मी रोज बघते, तिची हनुवटी तशीच वर आहे. सोबत जुना गोंडा पाठवला आहे. लावता आला तर लावावा. टिकणार नसेल तर ओढाताण करू नये, परत पाठवावा."

गोंड्याचं रेशीम हात लावलं की भुगा होत होतं. मी आतून नवा दोरा घातला, वरून जुन्याला पीळ दिला, गाठ सोडली नाही. त्याला दोन दिवस गेले. लांब सरी झाल्यावर गोंडा मानेमागे, अंबाड्याखाली गेला, कोणाला दिसणार नाही असा. ताईने घालून आरशात पाहिलं आणि कितीतरी वेळ वळलीच नाही.

देण्याआधी मावशीने बोटांनी तपासलं होतं. सरी, खडा, मग मागे. गाठीवर ती थांबली.

"ही माझी नाही."

"नाही."

"तुझीही नाही."

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तो दागिना कागदात गुंडाळायला माझ्याकडे दिला.