डेलमरचं कुरण

लोरीना पिकेटने डेलमरला पहिल्यांदा पाहिलं ते बर्गरच्या दुकानाच्या खिडकीतून. ती तिथे कामाला होती. लोक जिथे गाडीतूनच ऑर्डर देत, त्या खिडकीपुढे एक तांबडा घोडा उभा होता, आणि घोड्यावरचा पंचेचाळिशीचा माणूस टोपी छातीशी धरून म्हणत होता, "बाईसाहेब, एक काळी कॉफी. आणि या बिचाऱ्याला एखादं सफरचंद मिळालं तर बघा."

"इथे फक्त गाड्या चालतात," लोरीना म्हणाली.

"गाडीला चार चाकं, याला चार पाय. हिशेब बरोबर आहे की!"

मागून मॅनेजर दातओठ खात होता, पण लोरीनाला हसू आवरेना. नवरा सोडून गेल्यापासून ती असं पोट धरून हसलीच नव्हती.

मग डेलमर तिच्या घरी येऊ लागला. दारात बूट झटकायचा, जेवताना टोपी काढायचा, बीन्स आणि मक्याच्या पावाची वाखाणणी करायचा. टेक्सासमधलं लॅम्बर्ट म्हणजे गुरांचंच गाव. मैलभर पसरलेल्या वाड्यांत हजारो गुरं दाणा खात उभी असायची आणि वारा फिरला की घराघरात तो वास शिरायचा. पण त्यांची देखभाल करणारे लोक बेसबॉलच्या टोप्या घालून ट्रकमधून हिंडायचे. टाचांना काटेरी चक्रं लावून फिरणारा डेलमर एकटाच.

"नदीपलीकडे माझं कुरण आहे," तो सांगायचा. "थंडी सरली की कळप खाली आणायचा. मग तुझ्यासाठी ओसरीचं घर बांधतो."

शनिवारी नाचाला गेलं की लोक टोमणे मारत. "काय डेलमर, गुरं बरी आहेत ना?"

"एक गाय लंगडतेय," तो गंभीरपणे सांगे. सगळे खो खो हसत. लोरीना लाजेने काळीठिक्कर पडे.

एका रविवारी तिने त्याला आपल्या गाडीत बसवलं. "आज मला कुरण दाखव."

तो रस्ता सांगत गेला. नदी ओलांडली, पक्की सडक संपली, आणि समोर नुसत्या पवनचक्क्या. डेलमर उतरला. इकडे गेला, तिकडे गेला, कपाळावर हात धरून पाहत राहिला. "कुणीतरी कुंपण हलवलंय गं," तो हळूच म्हणाला.

लोरीनाने त्याचे डोळे पाहिले. ती फसवणाऱ्या माणसाची नजर नव्हती. तो खरंच शोधत होता.

परतल्यावर ती तडक डेलमरचा घोडा असायचा त्या तबेल्याच्या मालकिणीकडे, म्हाताऱ्या व्हर्नाकडे गेली.

"घोडा माझा आहे, पोरी," व्हर्ना म्हणाली. "तो लीद काढतो, मी त्याला फिरवायला देते. लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाढलेला पोरगा. आई गेली आणि हे कुरण त्याच्या डोक्यात उगवलं."

"मग तुम्ही त्याला खरं का नाही सांगत?"

"सांगितलं होतं. जेवणच टाकलं त्याने."

लोरीनाने त्याला भेटणं बंद केलं. डेलमरने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला: हिला कळप दिसला पाहिजे. एका सकाळी त्याने गुरांच्या वाड्याचं मोठं फाटक उघडलं.

पोलिसांनी लोरीनाला बोलावलं तेव्हा ती दुकानाचा एप्रन घालूनच धावली. डेलमर घोड्यावरून टोपी हलवत ओरडत होता, "हो! चला! चला रे!" गुरं रवंथ करत त्याच्याकडे पाहत होती. फाटक सताड उघडं होतं, पण एकही पाऊल बाहेर पडलं नव्हतं.

"लोरीना, ही चालत का नाहीत?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"त्यांना कुरण माहीतच नाही रे. जन्मात गवतावर गेली नाहीत ती. उतर आता. मी आहे इथे."

तो उतरला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

न्यायाधीश समंजस निघाल्या. तुरुंगाऐवजी त्यांनी त्याला इस्पितळात पाठवलं. औषधं सुरू झाली. डेलमर बाहेर आला तो शांत होऊन. टायरच्या दुकानात कामाला लागला, साधे बूट घालू लागला, आणि लोरीनाने त्याला आपल्याच घरी आणलं. गाव म्हणालं, सुटली बिचारी.

एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "त्या लंगड्या गाईचं पुढे काय झालं रे?"

"गाय नव्हती, लोरीना. कुरणही नव्हतं." त्याने पुन्हा बीन्समध्ये चमचा घातला.

हेच ऐकायला तर ती आसुसली होती. तरी भांडी घासताना तिच्या डोळ्यांना धार लागली. खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या त्या वेड्यावरच तर तिचा जीव जडला होता.

दुसऱ्या दिवशी ती व्हर्नाकडे गेली. "मला घोड्यावर बसायला शिकवा."

"या वयात? हाडं मोडून घेशील."

"मोडू देत."

रविवारी तिने डेलमरला हट्टाने तबेल्यात नेलं. एका म्हाताऱ्या घोडीवर कशीबशी चढली आणि दोन्ही हातांनी लगाम घट्ट धरून बसली. डेलमर कुंपणाला टेकून उभा. घोडी दोन पावलं चालली, तशी लोरीना एका अंगाला कलंडू लागली.

"अगं, पोत्यासारखी काय बसलीस!" तो एकदम ओरडला आणि कुंपण ओलांडून आत आला. "पाठ सरळ! टाचा खाली! लगाम म्हणजे काय कपड्यांची दोरी वाटली का तुला?"

"मग शिकव की नीट! नुसता बोंबलतोस काय?"

डेलमरने घोडीचा लगाम धरला, तिच्या मानेवर थाप मारली आणि लोरीनाला घेऊन रिंगणातून हळूहळू चालू लागला.