पहिल्या अंकातला प्रश्न

इटालियन ऑपेरातील पात्रांनी वेळीच माझ्या थोरल्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर त्यांतले एकही पात्र मेले नसते आणि युरोपातील सगळी नाटकगृहे जेवणाच्या वेळेआधी रिकामी झाली असती, असे माझे प्रामाणिक मत आहे. दिवाणी कोर्टातून निवृत्त होऊन बोरगाव मेघेत राहणाऱ्या या गृहस्थांना ऑपेराची ओळख भजनाने करून दिली. एका सकाळी फोनवर लावलेले भजन संपले आणि फोनने आपल्याच मर्जीने पुढचे काहीतरी सुरू केले. साडू दाढी करत होते. हात साबणाने माखलेले असल्यामुळे बंद करता येईना. पडद्यावर एक धिप्पाड बाई छातीत खंजीर घेऊन गात होती. "खंजीर आतमंदी, अन् बाई गाऊनच राह्यली! म्या म्हटलं, हिले मारलं कोणं अन् काऊन, हे समजल्याशिवाय तोंड धुवाचं नाई." त्या दिवशी ते दुपारपर्यंत अर्ध्या दाढीने वावरले, आणि त्यानंतर गेली कित्येक वर्षे त्यांचा प्रत्येक रविवार इटलीत गेला.

त्यांच्यासोबत ऑपेरा पाहणे म्हणजे सुनावणीला बसणे. पडद्यावर खाली येणारे इंग्रजी भाषांतर ते कोर्टातल्या सवयीने मोठ्याने वाचत, मनाजोगता अर्थ लावत, आणि कुठे गाठ पडली की रिमोट उचलून बाईला तोंड उघडे असतानाच थांबवत. मग त्यांचे ठरलेले वाक्य येई, "पण हे यायनं पहिल्या अंकात काऊन नाई विचारलं?" त्यांच्या मते ऑपेरातील यच्चयावत विषप्राशने आणि द्वंद्वयुद्धे ही वेळेवर न विचारलेल्या एका प्रश्नाची फळे होती. बाकी कथानकातील कोणतीही विचित्र गोष्ट त्यांना अशक्य वाटत नसे. बायकोने नुसती मिशी लावली तर नवरा तिला ओळखत नाही, हे मला पटेना, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साडभाऊ, आमच्या कोर्टात सख्खे भाऊ एकमेकायले ओळखत नव्हते. वाटणी निघाली का ओळख जाते. इथं तं मिशी तरी आहे." एकदा जाम गावच्या चौकात हिंगणघाटच्या बसची वाट पाहताना त्यांनी एका अनोळखी प्रवाशाला पाळण्यातल्या मुलांची अदलाबदल समजावून सांगायला घेतली. बस आली, उभी राहिली, आमच्या देखत निघून गेली; नायिका तेव्हा तळघरातच होती. तो प्रवासीही आमच्यासोबत मागे राहिला, आणि "मंग? सोडवलं का नाई तिले?" असे विचारू लागला, हे मात्र कबूल केले पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचा आवाज बसायचाच, असे म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणींना, आणि मला बाजूला बोलावले. घशात गाठ होती. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल. बाहेर येताच ताईंनी माझा हात घट्ट धरला. "भाऊजी, यायले सांगू नका. बोलणं जाईन म्हटलं तं हे तयारच नाई होणार. माही शपथ आहे तुम्हाले." मी मान हलवली. पुढच्याच आठवड्यात साडू मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्या डॉक्टरले सरळ विचारलं. पहिल्याच अंकात. आवाज जाणार आहे. पण तुमच्या ताईले सांगू नका, ती खचून जाईन." मी पुन्हा मान हलवली. एकाच मानेने मी दोन वचने दिली. अबोल स्वभावाला मी आजवर सभ्यपणा समजत आलो आहे. त्या संध्याकाळी सायकल हातात धरून घरी चालत येताना पहिल्यांदाच मला त्याची शंका आली.

पुढचे दिवस त्या घरात आनंदाला ऊत आला होता. "दिवाळीत पोरीकडे जाऊ, नातीले एकेक ऑपेरा सांगीन," असे साडू म्हणत, आणि ताई पोळी लाटता लाटता "हो, सांगजा न, रोज एक सांगजा," असे म्हणून लाटणे अधिकच जोराने फिरवत. मी मधोमध चहाचा कप घेऊन बसलेला असे. बोललो तर शपथ मोडणार. न बोललो तर ज्या आवाजाचे थोडेच दिवस उरले होते, तो असा खोटे बोलण्यातच संपून जाणार. रोज मनाशी ठरवून जाई आणि रोज चहा पिऊन परत येई.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी त्यांनी ऑपेरा लावला. नायिकेला असाध्य रोग आहे, हे तिला ठाऊक, प्रियकरालाही ठाऊक, आणि दोघे मिळून पुढच्या उन्हाळ्यातल्या सुखाचे बेत गात होते. साडूंचा हात सवयीने रिमोटकडे गेला. बाई थांबली. आम्ही ठरलेल्या वाक्याची वाट पाहू लागलो, ते येईना. ताई खाली बसून मेथी निवडत होत्या. वर न पाहताच त्या म्हणाल्या,

"विचारा न. दर खेपेले विचारता. आज काऊन नाई विचारत?"

"काय विचारू?"

"हेच, का दोघायलेही माहीत आहे, तं बोलत काऊन नाई."

साडूंनी पडद्याकडे पाहिले, मग ताईंकडे. "तुले माहीत आहे?"

"अन् तुम्हाले?"

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी मेथीकडे पाहिले. "साडभाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्हाले दोन्हीकडचं माहीत होतं?" मी तिसऱ्यांदा मान हलवली. "वा राजेहो! इतके ऑपेरे पाह्यले, पण असा मुका नोकर नाई भेटला मले!" ते हसू लागले, हसण्याचा ठसका झाला, आणि ताई पाणी आणायला उठल्या त्या पदर तोंडाला लावूनच. पाणी पिऊन झाल्यावर ते पडद्यावरच्या बाईकडे पाहत म्हणाले, "फुकाच शिव्या घातल्या म्या यायले. विचारता येत नाई पहिल्या अंकात. उत्तर माहीत असते न." मी उठलो. शेवट न पाहता मी निघालो असे त्या घरात पहिल्यांदाच घडले. फाटक लावताना मागून त्यांचा घोगरा आवाज येत होता, मधूनमधून ताईंचा, आणि नंतर दोघांचाही एकदमच.

साडू बरे आहेत. गळ्याशी मऊ रुमाल बांधून ते सकाळी फिरायला जातात. रविवारची सुनावणी अजून चालते. अजूनही ते मध्येच बाईला थांबवतात आणि रिमोट पडद्याकडे रोखून आमच्याकडे पाहतात. ताई एक कारण सांगतात. ते मान हलवून फेटाळतात. मी दुसरे सांगतो. तेही फेटाळले जाते. आयुष्यात कधी बोललो नव्हतो तेवढा मी आता त्या खोलीत बोलतो. कधी विसरून त्यांचे ओठ त्या जुन्या वाक्यासाठी उघडतात. तेव्हा आम्ही दोघे मिळून म्हणतो, "पहिल्या अंकात काऊन नाई विचारलं?" मग रिमोटचे बटण दाबण्यापूर्वी ते क्षणभर कान देऊन बसतात, आमच्या आवाजात आपला आवाज कितपत उतरला, ते जणू तपासत असतात.