फलाटाबाहेरचा डबा

वॅलमे ट्रेगिअरचा डबा त्या दुपारी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाच्या फलाटाला लागलाच नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या म्हणून पुढे झोपायचे दोन जादा डबे जोडले होते. तिचा डबा मागे, फलाट संपतो त्याच्याही पलीकडे, खडीवर उभा राहिला.

बावीस वर्षं या डब्यात ती बिछाने घालत आली होती, चहा देत आली होती. फलाटावरच्या चौथ्या दिव्याखाली, एरवी तिचं दार यायचं तिथे, दर गुरुवारी तिचा बाप क्लेम उभा असायचा. एके काळचा गार्ड. आता डोळे गेलेले. ती त्याचे धुतलेले कपडे द्यायची, मळके घेऊन जायची. सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी त्याला न्यायला येणार होती आणि हे त्याला अजून माहीत नव्हतं. गेले तीन गुरुवार ती हवापाण्याचं बोलून परत चढली होती.

दहा मिनिटांचा थांबा. आपलं दार सोडून जायचं नाही, हा नियम तिने आज पहिल्यांदाच मोडला.

पुढच्या डब्यातला बोळ एकेकट्याच्या खोल्यांमधून नागमोडी जायचा. वळणावर एक बाई बॅगेने वाट अडवून उभी. "अहो, माझी खाट भिंतीतून खाली येईना!"

"आल्यावर बघते. आधी बॅग उचला!"

पियानो असलेला बैठकीचा डबा. मग जेवणाचा. टेबलं मांडणारा डेस ओरडला, "कुठे निघालीस गं? म्हातारा पळून जातोय का? खांबाला चिकटलेला असतो तो!"

स्वयंपाकघराशेजारच्या चिंचोळ्या वाटेतून ती आडवी होऊन निघाली आणि पलीकडच्या डब्यातून खाली फलाटावर उतरली.

क्लेमने पावलं ओळखली. "आठ मिनिटं घालवलीस. दोन डबे जास्त लावलेत ना? रुळांच्या सांध्यांवरचे ठोके मोजले मी. तू गेलीस खडीवर."

"डॅड, ऐक जरा—"

"आधी तू ऐक, गंमत आहे. सकाळी त्या वृद्धाश्रमातल्या बाईचा फोन. म्हणते, सोमवारी सामान बांधून ठेवा, मुलीने सही केलीय. मी म्हटलं, बाई, माझी पोरगी दर गुरुवारी भेटते मला. असं काही असतं तर तिनेच नसतं का सांगितलं? दिला फोन आपटून!" तो खो खो हसला.

शिटी झाली.

"सही मी केलीय, डॅड. महिना झाला."

त्याचं हसू क्षणभर तसंच राहिलं, बातमी ओठांपर्यंत पोचलीच नसल्यासारखं.

"तीन गुरुवार गेले की गं मधे," तो म्हणाला. मग अगदी गार्डाच्या आवाजात, "चढ. गाडी सुटतेय."

ती चढली. एरवी गाडी हलली की तो हात वर करायचा. आज त्याने पाठ फिरवली आणि तो चालू लागला, बाहेरच्या वाटेकडे नव्हे, भलतीकडेच, जिथे फलाट संपत होता तिकडे. "डॅड!" ती ओरडली. तो थांबला नाही. फलाटावरच्या एका हमालाने धावत जाऊन त्याचं कोपर धरलं, तर त्याने हमालाचा हात झटकून टाकला. हमालाने पुन्हा धरलं.

मग फलाट संपला, आणि तिने दार ओढून घेतलं.