समरकंदची पुरचुंडी

शालनकाकूला समरकंदला पाठवावं असं कुणाच्याही मनात नव्हतं. १९६१ साली रशियातून बोलावणं आलं. रेशीम पिकवणाऱ्यांची एक तुकडी जाणार होती आणि तिच्यात एक तरी बाई हवी, असं वरून सांगितलं होतं. बंगळुराजवळ येलहंक्याला आमची तुतीची बाग, घरातच रेशीमकिड्यांची खोली, म्हणून रेशीम खात्याचे साहेब आमच्याकडे आले. नाव अर्थातच माझ्या आईचं, सकवारबाईचं ठरलं. पण परमुलखात कुणाच्या हातचं काय खावं लागेल, या धास्तीने आईने अंथरूणच धरलं. साहेब कंटाळून म्हणाले, "सरी, बरं, मग धाकट्या बाईंना पाठवा." अशी माझी काकू विमानात बसली.

आई माझीच, तरी खरं ते सांगते. त्या किड्यांच्या खोलीत काकूला पाऊल टाकायची बंदी होती. तिची दोन्ही मुलं जन्मताच गेली होती. आईने ठरवून टाकलं, ही पांढऱ्या पायाची, हिचा हात लागला तर किडे जगायचे नाहीत. काकूने ओसरीवर बसून पाला चिरायचा आणि टोपली उंबऱ्यापाशी ठेवून मागे सरायचं. तरीही पीक बुडालं की बोल तिलाच. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! शिवाप्पाकाका तर बायकोच्या बाजूने एक शब्द काढत नसत. मला आईपेक्षा त्यांचाच राग यायचा.

समरकंदला पहिल्याच सकाळी पाहुण्यांना जुन्या वस्तीतल्या एका घरी नेलं. तिथेही रेशीम पिकवत. घरातली सगळ्यात मोठी खोली किड्यांसाठी रिकामी केली होती आणि माणसं पडवीत झोपत होती. घरच्या म्हातारीला सगळे ओयशा खाला, म्हणजे ओयशा मावशी, म्हणत. तिने काकूला मिठी मारली, चहा पाजला. मग आपल्या गळ्यातली एक कापडी पुरचुंडी काढून तिने काकूच्या गळ्यात बांधली, पोलक्यात सारली, वरून थोपटली आणि काहीतरी सांगून रोट्या भाजायला गेली. आमच्या तुकडीची दुभाषी बाई, मुबारक, तेव्हा पुरुषांबरोबर आतल्या खोलीत होती.

काकूला वाटलं, ताईत! आमच्याकडे मूल जगावं म्हणून बायका दर्ग्यातून ताईत आणतात, तिनेही बांधला होता. न सांगता या म्हातारीला आपलं दुःख कसं कळलं, म्हणून काकूला रडूच आलं. इतक्यात बाहेर बसचा भोंगा वाजला. सगळे शहर बघायला निघाले आणि काकूही निघाली.

चीनकडचं रेशीम लादून उंटांचे तांडे पूर्वी याच शहरातून जायचे, असं मुबारकने बसमध्ये सांगितलं. मग तो मोठा चौक आला. तिन्ही बाजूंनी मदरसे, निळ्या फरश्यांनी मढवलेल्या कमानी, वर निळे घुमट. आमच्या जवळच्या देवनहळ्ळीच्या किल्ल्याचा दरवाजा म्हणजे केवढा थोरला, अशी काकूची आजवर समजूत. "मान वर गेली ती खाली येईना गं," ती सांगायची. "एवढं माणसांनी बांधलं? हातांनी?"

ती अशी आ वासून उभी असताना छातीवर काहीतरी वळवळलं. मुंगी असेल म्हणून तिने पोलक्यात बोट घातलं. बोटावर केसासारख्या काळ्या अळ्या आल्या, हलणाऱ्या. काकूने अशी किंकाळी फोडली की चौकातली कबुतरं उडाली. मुबारक धावत आली, तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"ये खाला के रेशम के अंडे हैं! आप साथ ले आईं?"

तिथल्या बायका अंगाच्या उबेवर अंडी उबवत. रोट्या होईतो सांभाळ म्हणून खालाने मानाच्या पाहुणीकडे पुरचुंडी दिली होती. त्या घराचं सगळं वर्ष त्या पुरचुंडीत होतं. ऐकून काकूला काय ते उमगलं. आपण नेसत्या लुगड्यानिशी एका घराचं पीक पळवून आणलं, आणि तेही आपल्या या अंगावर! बस मागे फिरली. वाटभर काकू छातीशी हात धरून एकच म्हणत होती, "मेली असतील. माझ्यापाशी काही जगत नाही."

ओयशा खाला गल्लीत अनवाणी उभी होती. तिने पुरचुंडी सोडून परातीत पसरली आणि वर तुतीचं कोवळं पान ठेवलं. काळे ठिपके हलले आणि पानावर चढू लागले. खाला मटकन खाली बसली. काकू मात्र मुबारकला विनवत होती. "त्यांना सांग, माझी दोन मुलं गेलीत. माझा हात वाईट आहे. काही उतारा असेल तर करा, नाहीतर हे मरतील."

मुबारकने सांगितलं. खालाला कळेना. तिने पुन्हा विचारलं, आणि कळलं तेव्हा तिने काकूला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "माझी तीन गेली. एक लढाईत, दोन तापाने. म्हणून तर घरातली अंडी माझ्याकडे असतात. मला कुशीत घ्यायला दुसरं कोण आहे?" आणि तिने ती परात उचलून काकूच्या मांडीवर ठेवली.

काकू घरी आली त्या दिवशी आत किड्यांना पाला घालायची वेळ झाली होती. तिने पाय धुतले, टोपली उचलली आणि थेट उंबऱ्यापर्यंत गेली. आई आडवी आली.

"शालन, टोपली ठेव आणि मागे हो!"

काकू मागे सरली नाही. तिचा आवाज चढलाही नाही.

"अक्का, माझी दोन्ही लेकरं मीच मारली, असं वाटतं तुम्हाला?"

इतकी वर्षं आमच्या घरात सगळे तेच मानून वागत होते, पण ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मी हबकून आईकडे बघितलं. तिचे ओठ हलले, पण "नाही" म्हणता येईना आणि "हो" म्हणायची छाती होईना. काकू उत्तरासाठी थांबली, खरंच थांबली. मग ती आईला वळसा घालून आत गेली.