आबांसाठी बसवलेला कठडा

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी बोलत राहते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना मी हे सांगायला बसले, तर ते पहिल्या वाक्यालाच हसतील. शैलाताई बोलायला लागली की हसायचं असतं, ही जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळातली जुनी सवय आहे. ती मीच लावली.

मी नकला करते. भाजीवाला, मंडळाचे अध्यक्ष, साडी परत करायला आलेली बाई आणि ती परत न घेणारा दुकानदार — एकाच वेळी दोघंही. पन्नाशी उलटली तरी पदर खोचून उभी राहिले की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. लोक डोळे पुसतात, पोट धरतात. ते सुख मी काय वर्णू? आणि खोटं कशाला बोलू, अजूनही मला ते हवं असतं.

माझ्या ठेवणीतली एक गोष्ट म्हणजे आम्हाला दीक्षितपुऱ्यातलं घर कसं मिळालं. ती मी इतक्या वेळा रंगवून सांगितली आहे की लोक शेवटचं वाक्य माझ्याबरोबर म्हणतात. त्या गोष्टीत घरमालक आबा आहेत, त्यांचा एकच नियम आहे — भिंतीला खिळा नाही — आणि त्या नियमापायी मी कॅलेंडर दाराच्या कडीला, आरसा खिडकीच्या गजाला आणि सासऱ्यांचा फोटो फ्रिजवर टेकवून कसा संसार केला, हे आहे. मग एके दिवशी आबा म्हणतात, "शैला, घर तूच घे, आणि मार खिळे." टाळ्या.

गोष्ट खरी आहे. फक्त त्यात नंदा नाही.

नंदा कोण? खालच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. पुढच्या खोल्यांत आबा एकटे, वरच्या मजल्यावर आम्ही, मधे अंगण, आणि अंगणातून वर येणारा दगडी जिना. नंदा नागपूरकडची. नवरा जबलपूरजवळच्या पाटण गावातल्या शाळेत मास्तर, रोज बसने जायचा-यायचा. मुलगी तेव्हा लहान. नंदा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटी, आणि तिला किरायाचं घर आणि स्वतःचं घर यांतला फरकच कळत नसे. मोरी तुंबली तर आम्ही वरून आबांना हाक मारायचो — घरमालक आहेत, बघतील. नंदा स्वतः काठी घेऊन बसायची. दिवाळीआधी अंगणाच्या भिंतीला चुना तीच द्यायची. मी म्हणायचे, "अगं, दुसऱ्याचं घर आहे." ती म्हणायची, "मग काहून नाही करायचं? राहून तर आपण राहिलो." म्हणजे, का नाही करायचं, इथे राहतो तर आपणच.

माझं तसं नव्हतं. आमची माणसं पिढ्यानपिढ्या जबलपूरची, पण घर कधीच नव्हतं. लहानपणी बिऱ्हाडं इतकी बदलली की कुणी पत्ता विचारला की मी आधी आईकडे बघायचे. मालकाचा मुलगा लग्नाला आला की आमचं सामान हातगाडीवर. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नंदाचीही बिऱ्हाडं बदललेलीच होती. ती तशी झाली नाही.

तर आबा थकले. मुलगा बंगलोरला, तो बोलावत होता. आबांना घर विकायचं होतं, पण बिल्डरला नाही — शेजारचं घर पाडून तिथे दुकानांची इमारत उभी राहिली, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. घेणाऱ्यानं तिथे राहायला हवं, एवढीच त्यांची अट. आणि एक दिवस जिन्यावर बसून ते मला म्हणाले, अगदी सहज, की नंदाला आधी विचारणार आहे. तिचा जीव आहे या घरात. तुमचं काय, तुमचा मुलगा तर बाहेरच राहणार.

मी म्हणाले, "चांगलं आहे, आबा." आणि वर येऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताचा गिचका झाला. एवढंच झालं. बाहेरून एवढंच.

आता जिन्याचं सांगायला हवं. त्या जिन्याला एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. आबा रोज सकाळी वर गच्चीवर उन्हात बसायला यायचे, आणि त्या पावसाळ्यात एकदा घसरले. फार लागलं नाही, पण तेव्हापासून भिंतीला तळवा घासत चढायचे. नंदानं ते पाहिलं. तिनं गोहलपूरच्या एका वेल्डिंगवाल्याला लोखंडी कठडा करायला सांगितलं, स्वतःच्या घरखर्चातून. आबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. खिळा चालत नाही तिथे कठड्यासाठी दगडाला भोकं पाडू देतील? म्हणून तिनं गुपचूप ठरवलं. फक्त मला सांगितलं. "शैलाताई, आबांना बोलू नका हं. एकदम लावूनच दाखवू."

वेल्डिंगवाला टेप घेऊन आला, जिना मोजला, भिंत मोजली, गेला. आबांनी खिडकीतून पाहिलं. दुपारी मला विचारलं, तो माणूस कोण होता? मी म्हणाले, मला नाही माहीत. तेव्हा मी खरंच नंदाचा शब्द पाळत होते. यावर मी किती वर्षं टेकून बसले, तुम्हाला कल्पना नाही. बघा, सुरुवात तर चांगुलपणानंच झाली ना?

पुढच्या रविवारी अंगणात गक्कड-भर्त्याचा बेत होता. थंडीत आम्ही दरवर्षी करायचो — गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे आणि वांगी भाजायची, मंडळातली चार घरं जमायची. नंदा नव्हती. मुलीला घेऊन नवऱ्याबरोबर पाटणला शाळेच्या कार्यक्रमाला गेली होती. जेवणं झाली, ऊन छान पडलं होतं, आणि कुणीतरी म्हणालं, शैलाताई, हो जाए.

मी भाजीवाला केला. अध्यक्ष केले. आणि मग पदर कमरेला खोचला — नंदा खोचते तसा, डावीकडून — आणि एक बाई केली. नाव घेतलं नाही. ती बाई गळ्यात जाड साखळी घातलेल्या एका बिल्डरला अंगण दाखवते. तो लांब ढांगा टाकत जागा मोजतो. बाई मान तिरकी करून विचारते, "भैया, बुढऊ के जाने के बाद कितने दिन में तोड़ दोगे?" आणि मग आमच्याकडे वळून, डोळे मोठे करून, "काहून? राहून तर आपण राहिलो."

काय हशा झाला. लोकांना वाटलं, ही शैलाताईची गंमत. त्यांनी हात पुसले आणि विसरून गेले. आबाही हसले. पण मी नकला करणारी बाई आहे, मला चेहरे वाचता येतात. आबांचं तोंड हसत होतं आणि डोळे जिन्याच्या भिंतीवर होते.

ते ओघात झालं, असं मी स्वतःला सांगत आले. अंगात आलं की भान राहत नाही, कलाकार माणसं अशीच. नाही. पदर खोचायच्या आधी मी आबा कुठे बसलेत ते पाहून घेतलं होतं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन जिना उतरत होते. खाली अंगणात आबांनी नंदाला विचारलं. त्यांचा स्वभाव भांडायचा नव्हता, नुसतं विचारलं, "नंदा, गेल्या आठवड्यात कोणी टेपवाला आला होता का?"

आणि नंदा — तिला गुपित राखायचं होतं ना — तोंडावर पदर धरून हसली. म्हणाली, "नाही, आबा. कोण येते इथे?"

तिनं वर माझ्याकडे पाहिलं. डोळा मिचकावला. आम्ही दोघी एका कटात होतो, असं तिला वाटत होतं.

मी अर्ध्या जिन्यात होते. एक वाक्य पुरलं असतं. "आबा, तुमच्यासाठी कठडा करतेय ती." माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला एक वाक्य जड होतं का? मी बादली या हातातून त्या हातात घेतली आणि खाली आले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. "शैला, घर तूच घे." रजिस्ट्री झाली, आबा बंगलोरला गेले. नंदाला त्यांनी कधीच काही बोलून दाखवलं नाही, फक्त निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला. तिला वाटलं, गडबडीत राहिला.

नंदाचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं, कारण खालच्या खोल्या आम्हालाच हव्या होत्या. खरंच हव्या होत्या का? आज तिथे जुनी सायकल आहे आणि दिवाळीचे डबे आहेत. ती सामान बांधत होती त्याच आठवड्यात गोहलपूरचा तो माणूस कठडा घेऊन आला, सांगितलेल्या वेळेनंतर कितीतरी उशिरा. मला वाटलं, परत पाठवेल. ती म्हणाली, "आबा तर गेले. पण आता तुम्हीच चढून-उतरून राहाल, ताई. लावूनच टाकू." आणि सामानाचे डबे अंगणात उघडे पडलेले असताना ती दुपारभर उभी राहून कठडा बसवून घेत होती. संध्याकाळी टेम्पोत बसून गेली. वास्तुशांतीला पुरण वाटायलाही आली होती.

घर स्वतःचं झालं की काय होतं, सांगू? पहिल्याच दिवशी मी हातोडा घेतला आणि भिंतीत खिळा मारला. टांगायला काही काढलंसुद्धा नव्हतं. आवाज पूर्ण घरात घुमला आणि मी वाट बघत राहिले, की खालून कोणी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. ते सुख खरं होतं, मी नाकारत नाही. मग गच्ची गळायला लागली आणि कुणाला हाक मारायची ते कळेना, मोरी तुंबली आणि काठी घेऊन मीच बसले. तेही माझंच. रात्री दाराला कडी लावताना आता आपल्याला कुणी उठवणार नाही, हे मला रोज जाणवतं, आणि रोज बरं वाटतं. हेच तर वाईट आहे. बरं वाटतं.

इथपर्यंतचं मी मनातल्या मनात पुष्कळदा कबूल केलं आहे. याच्या पुढचं नाही.

दोन-तीन वर्षांनी आबा जबलपूरला एका लग्नाला आले. खूप वाळले होते. घर बघायला आले, आणि गच्चीवर जायचं म्हणाले. जिन्याशी थांबले. कठड्यावर हात ठेवला, पहिल्या पायरीपासून वरपर्यंत नजर नेली. मग एकेक पायरी, भिंतीला न शिवता, कठडा धरून चढले. वर पोचल्यावर दम खात म्हणाले, "हे केव्हा बसवलं?"

आता तरी सांगायचं ना? घर नावावर झालेलं. ते काढून घेणार नव्हते. नंदा विजयनगरला किरायानं होती, रिक्षानं गेलो असतो तर चहाला पोचलो असतो. सांगून माझं काय जाणार होतं? त्यांच्या डोळ्यांतली शैला — बस, तेवढीच.

मी म्हणाले, "आम्हीच बसवलं, आबा. तुम्ही घसरला होतात ना, तेव्हाच मनात होतं."

त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. म्हणाले, "मी घर बरोबर हातात दिलं." त्यानंतर ते आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात बंगलोरहून फोन आला, आबा गेले.

नंदा अजून येते. विजयनगरचं घर सुटलं, मग आणखी एक सुटलं. आता ती पाटणलाच राहते, नवऱ्याच्या शाळेजवळ, दोन खोल्या, मालक खिळा मारू देत नाही. ती हे हसत सांगते. गेल्या महिन्यात आली होती. माझा गुडघा गेलाय, त्यामुळे जिना मी आता कठड्यावर भार टाकूनच चढते. ती मागून हळूहळू चढत होती. गच्चीवर उन्हात बसलो, शेंगा खाल्ल्या, मी अध्यक्षांची नक्कल केली, ती पोट धरून हसली.

जाताना सगळ्यात वरच्या पायरीवर थांबली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. हलला नाही. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आबांनी पाहिला होता का हो हा, कधी?"

"पाहिला होता."

"काय म्हणाले?"

मी नकला करणारी बाई आहे. आबांचा आवाज मला हुबेहूब येतो. त्या आवाजात नाही, माझ्याच आवाजात म्हणाले, "धरून वर चढले. खूश झाले."

तिनं मान हलवली. पदरानं कठडा पुसला, वरून खालपर्यंत, उतरता उतरता. अंगणात पोचल्यावर वर बघून हात केला. मीही केला.