चहा देणारा माणूस म्हणून बसा, म्हणाले

अठ्ठावीस अक्षरांचे तक्ते, पुठ्ठ्याची शब्दकार्डं, उच्चारांची ध्वनिमुद्रणं. मित्रांनो, चिकलठाण्याच्या एका परदेशी कंपनीत मी संध्याकाळी अरबी शिकवतो, त्याचं हे सगळं सामान माझ्या हातचं आहे. भाषाही मी स्वतःच शिकलो.

वर्गातले एक मॅनेजर धडा सोडून भलतंच विचारायचे. "सर, अरब लोक आपसात भराभर बोलले तर तुम्हाला कळतं का?" तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

आज वर्ग सुटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. उद्या आखातातले पाहुणे सौद्याची बोलणी करायला येणार आहेत.

"तुम्ही चहापाणी बघणारे म्हणून कोपऱ्यात बसा. ते आपसात काय बोलतात, तेवढं नंतर सांगा."

"मला अरबी येते हे त्यांना सांगणार का?"

"सांगितल्यावर ते बोलतील व्हय, सर?" ते हसले.

"मग दुभाषा म्हणून उघड बसवा. फुकट येतो."

"तसं नाय जमायचं."

घरी गारखेड्याला येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता. हा वर्ग यासाठीच काढला होता की काय? तुम्हाला काय वाटतं?

वर्ग आता बहुतेक बंद होईल. एका दुपारचे पंचवीस हजार देत होते, मी नाही म्हणून आलो.