बीपी मोजायचा राहिला

रवीचा फोन आला तेव्हा मी पवनीला माझ्या घरी कुकर लावत होते. "ताई, रेखा गेली," तो म्हणाला. मला वाटलं, बाळंतपणाला गेली. "कोणत्या दवाखान्यात?" मी विचारलं. पलीकडे तो हमसून रडायला लागला... तेव्हा कळलं.

काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची मर्जी' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मला ते ऐकवत नाही. देवाचा यात काय संबंध?

रेखा माझी शाळेपासूनची मैत्रीण. वसतिगृहातलं पाणचट वरण आम्ही मुकाट गिळायचो. ती वाटी घेऊन थेट अधीक्षिकाबाईंसमोर उभी राहायची. "बाई, तुम्हीच एक घोट घेऊन पाहा न." रवीशी लग्न होऊन नाकाडोंगरीकडच्या एका गावात गेली, तरी स्वभाव तोच. दिवस राहिल्यावर उपकेंद्रातली एकही तपासणी तिनं चुकवली नाही. आठव्या महिन्यात मी भेटायला गेले, तेव्हा तिच्यासोबत तिथे गेले. सिस्टरनं वजन केलं, बाळाचे ठोके ऐकले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढचीला हाक मारली. रेखा जागची हलली नाही.

"सिस्टर, बीपी राहिला न."

"मशीन बंद आहे."

"मागल्या महिन्यातही बंदच होती. दुसरी काहून नाही आणत?"

"वरून येईन तवा येईन. तुमाले काय झालं? चांगल्या तर दिसून राहिल्या."

"डोकं दुखते. पाय पाहा माहे, कसे सुजले."

"पहिल्या खेपेले होतेच तसं," असं म्हणून सिस्टर वळली. पायांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, तुमसरला खासगीत दाखव. रेखा उसळली. "मी जाईन खासगीत. गावातल्या बाकी बाया काय करतीन? मशीन इथंच आली पाहिजे."

ती मोठ्या आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या डॉक्टरसाहेबांशी भांडली. "मागणी पाठवली आहे," ते म्हणाले. तिथे मशीन टेबलावरच होती, असं तिनं मला फोनवर सांगितलं. पण तिचा दंड कोणी हातात घेतला नाही. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. वाढलेला दाब वेळेत कळला असता तर औषधानं आवरला असता, हे भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं... ती गेल्यावर.

साहेबांशी भांडून आली त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि झटके सुरू झाले. रवीनं गाडी करून तुमसरला नेलं, तिथून भंडाऱ्याला. मुलगी वाचली. रेखा नाही.

आता सिस्टरची बदली झाली म्हणे. मशीन न पाठवणारे आपापल्या खुर्चीत आहेत. एकालाही तिचं नाव माहीत नसेल.

परवा रेखाच्या लेकीला पाहायला गेले. शेवटी शेवटी रेखाला स्वतःच्या चपला होत नव्हत्या, रवीच्याच घालून ती फिरायची. पट्टे ताणलेल्या त्या चपला दाराशी तशाच आहेत. रवी धानाच्या बांधीतून अनवाणी आला.

"नवीन तरी घे न," मी म्हटलं.

"घेतो, ताई," तो म्हणाला, आणि चिखलाच्या पायांनी त्या चपलांना वळसा घालून आत गेला.